हंबकरचं कव्हर काढताना: २५ वॉट, ६० वॉट आणि एक तुटलेली तार

शनिवार, १४ जून २०२५

इलेक्ट्रिक गिटार, लेस पॉल या मॉडेलच्या धाटणीची, चिनी बनावटीची. तीन वर्षांपूर्वी कोल्हापुरातून साडेनऊ हजाराला सेकंडहँड घेतलेली. दोन हंबकर (तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे, दोन कॉइलचे पिकअप), दोन्हींवर चकचकीत धातूचं कव्हर. घरच्या छोट्या अँपवर काही तक्रार नाही. पण सांगलीत विश्रामबागेतल्या सरावाच्या खोलीत आवाज वाढवला, डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) लावलं की ब्रिजचा (तारांच्या खालच्या टोकाकडचा) पिकअप किंचाळतो. तारांचा फीडबॅक (अँपच्या आवाजानं तारा पुन्हा थरथरून होणारी शिट्टी) तारा दाबल्या की थांबतो. हा थांबत नाही. ड्रमवाला म्हणतो, "कुकरची शिट्टी झाली, उतरव आता."

आज तपासलं. सगळ्या तारा डाव्या तळव्यानं दाबून धरल्या आणि कव्हरवर नखानं टिचकी मारली. अँपमधून टक्‌टक् अशी आली की जणू माईकवरच बोट आपटतोय. नेकच्या (दांडीकडच्या) पिकअपवरही तेच, पण निम्मंच. म्हणजे कव्हर आणि आतल्या कॉइलमध्ये कुठंतरी पोकळी आहे. पत्रा थरथरतो आणि पिकअप ते ऐकतो.

आधी सोपे उपाय केले. पिकअपभोवतीच्या रिंगचे स्क्रू आवळले, उंचीच्या स्क्रूंवरच्या स्प्रिंग सैल होत्या म्हणून पिकअपखाली चपलेच्या फोमचा तुकडा कोंबला. फरक शून्य. मग ठरवलं, कव्हर काढायचं.

घरात असलेलं सामान: २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, सोल्डर ओढायचा पंप, साडेतीनशेचा मल्टिमीटर, हॅक्सॉ ब्लेड, पेपर कटर, बहिणीचा हेअर ड्रायर. बहिणीला सांगितलेलं नाही.

रविवार, १५ जून

तारा सैल करून काढल्या. रिंगचे चारचार स्क्रू काढून पिकअप बाहेर घेतले. वायरींचे फोटो मात्र आठ काढले, आणि पुढं ते आठही लागले. माझ्या पिकअपला चार रंगांच्या वायरी आणि एक उघडी तार आहे. चारांतल्या दोन एकमेकींना जोडून टेप मारलेल्या, कारण या गिटारला कॉइल वेगळी करायचा स्विच नाही. कुठला रंग कुठं जातो हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं. माझे रंग सांगून कुणाचा फायदा नाही, म्हणून लिहीत नाही.

काही करायच्या आधी रेझिस्टन्स मोजला. नेक ७.६४ किलोओहम, ब्रिज ८.२१. हे आकडे भिंतीवर पेन्सिलीनं लिहिले. हे काम करणाऱ्यानं दुसरं काही नाही केलं तरी चालेल, पण एवढं करावं. पुढं काही बिघडलं तर केव्हा बिघडलं हे त्यावरूनच कळतं.

पिकअप उलटा केला की खाली पत्र्याची पाटी दिसते. कव्हर त्या पाटीला दोन जागी सोल्डर केलेलं असतं, दोन लांब बाजूंना एकेक. तिसरा सोल्डरचा ठिपका उघड्या तारेचा. ती अर्थिंगची. तिला हात लावायचा नाही. (मी लावला. पुढं येतंच.)

२५ वॉटचा आयर्न तापवून पहिल्या ठिपक्यावर टेकवला. दहा सेकंद, वीस, मिनिट. सोल्डर नुसतं मळकट झालं, वितळायचं नाव नाही. साठ-चाळीसचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं, आणि आयर्नचं टोक त्याच्या कितीतरी वर असतं. पण पाटी आणि कव्हर मिळून एवढा मोठा पत्रा झाला की मिळेल ती उष्णता तो पसरून टाकतो. ठिपका थंडच, पिकअप मात्र सगळाच गरम. दोन मिनिटांनी कडेतून पिवळट मेण पाझरून टेबलावर टपकायला लागलं. मला वाटलं, चला, काहीतरी सुटतंय. सुटत होतं ते आतलं मेण. थोडा वेळ आणखी धरला असता तर कॉइल ज्यांच्यावर गुंडाळलेली असते ते प्लॅस्टिकचे बॉबिनही मऊ पडले असते.

तेवढ्यात लाईट गेली. पाऊस, झाड, नेहमीचं. आज तिच्यामुळंच पिकअप वाचला असं म्हणायचं.

वेळ: तीन तास. निघालेली कव्हरं: शून्य.

बुधवार, १८ जून

आज उष्णता बंद, नुसतं कापायचं असं ठरवून बसलो. हॅक्सॉ ब्लेडच्या एका टोकाला चिंध्या गुंडाळून मूठ केली. नेकचा पिकअप जुन्या टॉवेलवर उलटा. सोल्डरचा ठिपका कव्हरच्या कडेवरून पाटीवर चढलेला असतो. तो दोघांच्या मधल्या सांध्यावर उभा कापायचा. आधी कटरनं रेघ ओढली, मग त्या रेघेत ब्लेड धरून हळूहळू. ब्लेड फक्त पुढं ढकलताना दाबायचं, मागं येताना उचलायचं, नाहीतर घसरतं आणि पाटीवर ओरखडे पडतात. माझ्या पाटीवर चार पडले. ते कुणाला दिसत नाहीत, मला माहीत आहेत.

धातूचा कीस मात्र लक्षात ठेवून साफ करा. आत चुंबक आहे. लोखंडी ब्लेडचा बारीक भुगा त्याला चिकटला की निघता निघत नाही. मी ब्रश मारून थकलो, शेवटी सेलोटेप चिकटवून उचलून काढला. दुसऱ्या वेळी सुरुवातीलाच पिकअपभोवती टेप लावून फक्त ठिपके उघडे ठेवायचे, एवढी अक्कल आली.

दोन ठिपक्यांना मिळून सव्वा तास. दोन्ही कापले तरी कव्हर हलेना. आतल्या मेणानं धरलेलं. इथं हेअर ड्रायर कामाला आला. कव्हरच्या वरच्या बाजूनं, वीतभर अंतरावरून, हाताला चटका बसणार नाही इतपत गरम. तीन-चार मिनिटं. मग दोन्ही अंगठे पाटीवर, बोटं कव्हरच्या कडांवर, आणि एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, अर्धा अर्धा मिलिमीटर.

एका बाजूनं सुटलं आणि दुसरीकडं अडकलं. दहा मिनिटं वाया गेल्यावर कळलं की वरचे सहा पोल स्क्रू (प्रत्येक तारेखाली एकेक) कव्हरच्या भोकांतून थोडे वर आहेत, आणि कव्हर तिरकं झालं की त्यांची डोकी अडकतात. ते दोन-दोन आटे खाली घेतले, कव्हर सरळ केलं, ड्रायरचा आणखी एक हात. आलं.

मल्टिमीटर: ७.६४. तोच आकडा. उड्या मारल्या.

आत दोन्ही बॉबिन काळे. कव्हरच्या आतल्या कडेला कानशीनं एक घासा मारला तर मुलामा गेला आणि पिवळा धातू दिसला. पितळ. चांगल्या पिकअपवर जर्मन सिल्व्हरचं कव्हर असतं. ते आतूनही पांढरटच, आणि आवाजाचं वरचं टोक फारसं खात नाही. पितळ वीज जास्त वाहून नेतं, त्याच्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि आवाज थोडा दबतो. थिअरी एवढीच.

आणि कव्हर असतंच का, असं घरी विचारलं म्हणून लिहितो. हंबकर सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीत असताना बनवला, पेटंटचा अर्ज १९५५ चा. ट्यूबलाइटसारख्या गोष्टींची खरखर आत शिरू नये म्हणून वर धातूची टोपी. म्हणजे ती शोभेची नाही. काढली की काहीतरी गमावणारच.

शनिवार, २१ जून

ब्रिजचा पिकअप. ब्लेडनं परत सव्वा तास घासायचा कंटाळा आला, म्हणून गावात जाऊन ६० वॉटचा आयर्न आणला. ४२० रुपये. टोक रुंद, छिन्नीसारखं. सोबत सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळीची पट्टी, ८० रुपये. दुकानदार म्हणाला, "एवढा मोठा कशाला? बॅटरीला लावायचा काय?"

फरक पाहून थक्क झालो. टोकावर ताज्या सोल्डरचा थेंब घेतला, ठिपक्यावर जाळी ठेवली, वरून आयर्न दाबला. पाच सेकंदांत ठिपका आरशासारखा चमकला आणि जाळीनं ओढून घेतला. उचलला. पाच मिनिटं गार होऊ दिलं. दुसरा ठिपका, परत पाच-सहा सेकंद. पिकअपची दुसरी बाजू हाताला कोमटसुद्धा नव्हती. छोटा आयर्न जपून वापरला तर धोका कमी, असं मी धरून चाललो होतो, आणि झालं बरोबर उलटं. लहान आयर्न रेंगाळतो, त्या वेळात सगळा पिकअप शिजतो. मोठा आयर्न काम उरकून निघून जातो.

इथपर्यंत सगळं झकास होतं, आणि तिथंच हात सैल सुटला. ड्रायर बहिणीनं परत नेलेला. तो मागायला वरच्या मजल्यावर जायचं जिवावर आलं. चपटा स्क्रू ड्रायव्हर कव्हर आणि पाटीच्या फटीत घातला आणि पिळला. कव्हर टुणकन सुटलं. स्क्रू ड्रायव्हर त्याच जोरात आत गेला.

कॉइलवरची टेप फाटलेली, आणि फटीतून तांबूस केस बाहेर आलेले.

मल्टिमीटर: ओएल. म्हणजे सर्किट तुटलं.

एक बॉबिन काळा आणि एक क्रीम रंगाचा निघाला. गिटारवाल्यांच्या भाषेत झेब्रा. एरवी खूश झालो असतो.

रविवार, २२ जून

रात्री झोप नीट नाही. सकाळी जोडलेल्या दोन वायरींची टेप काढली, त्या सुट्या केल्या आणि दोन्ही कॉइल वेगवेगळ्या मोजल्या. काळी कॉइल ४.१० किलोओहम, शाबूत. क्रीम कॉइल तुटलेली. म्हणजे अर्धा पिकअप जिवंत आहे.

टेप काढून भिंगाखाली पाहिलं. बाहेरचे फेरे एका जागी कापलेले. तार ०.०६ मिलिमीटरच्या आसपास, डोक्याच्या केसाइतकी. बोटाला लागली तर कळत नाही, श्वासानं हलते.

गिटारचं आणि सांगलीचं म्हटलं की प्रत्येक जण एकच सल्ला देतो, मिरजेला जा. मिरजेची सतार आणि तंबोरा म्हणजे देशभर नाव, गेल्या वर्षी दोन्हींना जीआय मानांकनही मिळालं. गेलो. सतारमेकर गल्लीत एका दुकानात भोपळ्याला लाखेचं काम चाललं होतं. तिथल्या चाचांनी पिकअप हातात घेतला, उजेडाकडं धरला, उलटा केला आणि म्हणाले, "आमच्याकडं तार वाजती. तुमच्यात तार ऐकती व्हय?" मग हसले. "हे आमचं काम न्हाई बाळ. मोटारवाल्याकडं जा. तार गुंडाळायचं काम त्येंचं."

एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

सोमवार, २३ जून

माधवनगर रस्त्याला मोटार रिवाइंडिंगचं एक दुकान. हा हंगाम त्यांच्या गर्दीचा. कृष्णेचं पाणी चढायच्या आत शेतकरी नदीवरच्या मोटारी वर काढतात, आणि काढल्याच आहेत तर जळालेल्या भरून घेतात. दारात आठ-दहा मोटारी चिखलासकट पडलेल्या. अर्धा तास उभा राहिलो.

दुकानातले मामा साठीचे. पिकअप पाहून पहिला प्रश्न: "किती गेजची तार?" मी मिलिमीटरमध्ये सांगितलं. त्यांनी कप्प्यावर चिकटवलेल्या तक्त्यावर बोट फिरवलं. "म्हणजे सेहेचाळीस गेज. पंख्यात आपण छत्तीस भरतो. हे तर जळमट हाय." पण नाही म्हणाले नाहीत. पूर्वी रिले आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल भरायचे म्हणे.

त्यांनी जे केलं ते टप्प्याटप्प्यानं लिहितो, कारण याची माहिती मला कुठंच सोपी करून सापडली नव्हती.

कापलेल्या फेऱ्यांचे सुटे तुकडे चिमट्यानं एकेक ओढून टाकले. प्रत्येक तुकडा वीतभराहून कमी, म्हणजे एकेका फेऱ्याचा. ते जोडत बसायचं नाही. असे साठेक निघाले. मी मोजत होतो, मामा वैतागले. मग एक टोक असं आलं की ओढलं तर तुटेना, गुंडाळीवरून उलगडत आलं. तेच जिवंत टोक. आणखी दोन फेरे सोडवून कामापुरती लांबी घेतली.

तारेवरचं एनॅमल काढायला मी खिशातून ब्लेड काढलं, तर हातावर चापट बसली. "ब्लेडनं खरडलंस की तुटली म्हणून समज." त्यांनी आयर्नच्या टोकावर सोल्डरचा मोठा थेंब घेतला आणि तारेचं टोक त्यात बुडवून धरलं. बारीक धूर निघाला, टोक चंदेरी झालं. म्हणजे हे उष्णतेनं जळून जाणारं एनॅमल. "जुनं काळपट एनॅमल असतं तर असं जळत न्हाई. त्याला झिरो पेपर, दोन बोटांत धरून, एकदाच."

मग ते टोक पिकअपच्या मूळ जाड वायरीला गुंडाळून सोल्डर केलं. मधे बारीक तारेचा एक सैल फास ठेवला, ताण आला तर तो फासावर यावा म्हणून. वर कागदी टेपचे दोन वेढे.

मोजलं. क्रीम कॉइल ४.०६. आधीची ४.११ धरली तर ५० ओहम गेले. पाचेक हजार फेऱ्यांच्या कॉइलमधून साठ गेले तर आवाजात काय फरक पडणार? मला तरी नंतर ऐकू आला नाही.

पैसे विचारले तर म्हणाले, "काय घेऊ याचं? चहा सांग दोन." दोन नाही, पाच सांगितले, कारण दुकानात पोरं होती. आणि वर एक अट: गिटार वाजते तशी मोबाईलवर पाठवायची.

शनिवार, २८ जून

दोन्ही पिकअप परत बसवले. उघडा पिकअप कव्हरवाल्यापेक्षा चहूबाजूंनी थोडा लहान, त्यामुळं रिंगमध्ये बारीक फट दिसते. जवळून पाहिलं तरच.

तारा चढवल्या, अँप लावला. नेकवर गुणगुण. बोट खालच्या पाटीला लागलं की बदलते. अर्धा तास जॅक आणि स्विच उघडून पाहिला. मग मल्टिमीटरचा बीप लावून पिकअपची पाटी ते जॅकची अर्थ अशी तपासणी केली. बीप नाही. १८ तारखेला ब्लेड चालवताना तिसऱ्या ठिपक्याची कड मी कापली होती. उघडी तार नुसती टेकलेली होती, जोडलेली नव्हती. ६० वॉटनं चार सेकंदांत जोडली. गुणगुण गेली. ट्यूबलाइटखाली उभं राहिलं तर अजून थोडी खरखर येते, पूर्वी येत नव्हती. ती कव्हरची किंमत. आता जे ठिपके सोडवायचे नसतील त्यांच्यावर आधीच व्हाइटनरचा टिपका देतो.

आणि शिट्टी? नेकची गेली. ब्रिजची कमी झाली, गेली नाही. आवाज पूर्ण केला की चार-पाच सेकंदांनी हळूच सुरू होते. कारण सरळ आहे. आतलं थोडं मेण गेलं, शिवाय दुरुस्तीत फेरे सैल झाले. आता पत्रा नाही, तर तारच थरथरते.

म्हणजे मेणात बुडवणं आलंच. आणि इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे. मेणात तर कव्हरसकटही बुडवता येतं. मेण कडेच्या फटीतून आत जातं आणि पोकळी भरते. तेच आधी करून पाहिलं असतं तर कदाचित यातलं काहीच करावं लागलं नसतं.

रविवार, ६ जुलै

मधला आठवडा मेण जमवण्यात. पॅराफिन मेण अर्धा किलो, १३० रुपये. मधमाशीचं मेण १०० ग्रॅम, ११० रुपये. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशीचं. नुसतं पॅराफिन गार झालं की कडक होऊन तडकतं, मधमाशीचं मेण त्याला थोडा चिवटपणा देतं. थर्मामीटर दूध डेअरीतला, मित्राच्या काकांकडून उसना.

दिवस चुकला. आज आषाढी. आई सकाळपासून स्वयंपाकघरात, आणि मी मेणाचं पातेलं घेऊन दारात. "एकादशीच्या दिवशी त्या पातेल्यात मेण? माझ्या पातेल्यात?" पातेलं जप्त झालं. रंगाचा रिकामा पत्र्याचा डबा धुऊन घेतला, आणि दुपारी तीनला इंडक्शन मिळाली.

मेण कधीही थेट आचेवर ठेवायचं नाही, पेटतं. मोठ्या भांड्यात पाणी, त्यात डबा. तरी पहिल्यांदा पारा ७८ वर गेला. एवढ्या गरम मेणात पिकअप टाकला असता तर बॉबिन वाकायची भीती होती. इंडक्शन बंद करून ६३ पर्यंत उतरायची वाट पाहिली, पंचवीस मिनिटं गेली. मग ६० ते ६५ मध्ये राखायला सतत चालू-बंद, चालू-बंद.

पिकअप वायरीनं बांधून सोडला. लगेच बारीक बुडबुड्यांची रांग वर आली. त्या बुडबुड्यांइतकी जागा आत मोकळी होती. वीस मिनिटांत ते थांबले. काढून उलटा धरला, निथळला, वरचं मेण जुन्या बनियननं पुसलं. थंड होईपर्यंत हात लावला नाही. मोजलं: ८.१६. बरोबर.

नेकचाही तसाच केला. डबा हाताशी होताच.

शनिवार, १२ जुलै

सरावाची खोली. अँप सगळा, डिस्टॉर्शन सगळं, तारा दाबून उभा राहिलो. दहा सेकंद, वीस. फक्त अँपची सळसळ. बॉबिनवर नखानं टिचकी मारली तर लांबून आल्यासारखी ठक्. ड्रमवाल्यानं काठ्या वर करून नमस्कार केला.

आवाजातला फरक विचाराल तर: कव्हर असतानाचं एक रेकॉर्डिंग फोनवर होतं. तोच तुकडा आज वाजवला आणि ड्रमवाल्याला न सांगता उलटसुलट ऐकवला. पाचपैकी तीनदा त्यानं नवा कुठला ते ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच. मला वरचा आवाज थोडा मोकळा वाटतो, पण एक महिना राबलेल्या माणसाला तसं वाटणारच.

कव्हर गेल्यामुळं पिकअप तारांच्या अर्धा-एक मिलिमीटर जवळ आणता आला. शेवटच्या फ्रेटवर (दांडीवरच्या शेवटच्या पट्टीवर) तारा दाबून दोन्ही टोकांना आधी दोन मिलिमीटर ठेवले. जाड तारेकडं किंचित खाली घ्यावा लागला, नाहीतर बेस घुमतो.

खर्च: आयर्न ४२०, जाळी ८०, मेण २४०, चहा ५०, मिरजेचं पेट्रोल धरलेलं नाही. ७९० रुपये आणि हिशेब ठेवला तेवढे सतरा तास. त्यातले चार-पाच निव्वळ त्या स्क्रू ड्रायव्हरच्या एका पिळ्याचे.

मामांना व्हिडिओ पाठवला. दुपारी फोन आला. "ऐकलं. ह्यातली क्रीम कुठली वाजती?" मी म्हटलं, दोन्ही एकदमच वाजतात. "मग मला कसं कळायचं माझी कुठली?" पुढच्या वेळी क्रीम कॉइल एकटी वाजवून पाठवायची आहे. त्यासाठी स्विच बसवावा लागेल. टेप मारून जोडलेल्या त्या दोन वायरी त्याच कामाच्या.